वाढदिवसाचं गाणं गोंधळात: एका तऱ्हेचं गाणं दुसऱ्या तऱ्हेत कसं न्यावं

बऱ्याच वर्षांपूर्वी औसा तालुक्यातल्या एका लग्नात आम्ही चौघांनी सिनेमातलं एक नाचाचं गाणं ‘गोंधळ’ म्हणून वाजवलं. चाल तीच, शब्द तेच, लयही तीच. फक्त कीबोर्डच्या जागी पेटी घेतली आणि ड्रमच्या जागी संबळ. पोरं नाचली, टाळ्या पडल्या. सामान आवरताना मांडवाच्या कडेला बसलेल्या एका म्हाताऱ्या गोंधळ्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, “संबळ चांगला वाजवलास बाबा. पण गोंधळाला बोलावलंस कुणाला?”

मला उत्तर देता आलं नाही. गोंधळ म्हणजे मुळात बोलावणं. गोंधळी एकेका दैवताचं नाव आणि गाव घेऊन हाक मारतो, सगळी दैवतं आली की आख्यान लावतो, मग आरती होते. आमच्या गाण्यात हाकच नव्हती. म्हणजे संबळ होता, पण गोंधळ नव्हता.

त्या दिवसापासून मी हे काम वेगळ्या रीतीने करतो आणि तीच रीत इथे पायरीपायरीने मांडतो आहे. स्नेहसंमेलन बसवणारे शिक्षक, भजनी मंडळं, बँजो पार्टीतली पोरं, घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करणारे, सगळ्यांना ती चालेल. पेटीवर सरगम वाजवता येणं आणि केरवा-दादरा ओळखता येणं एवढं हाताशी असलं की पुरे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. गाण्याची तऱ्हा वाद्यांवरून ठरत नाही; कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय आणि कशासाठी, यावरून ठरते. ओवी बाई स्वतःशी म्हणते, जात्याला म्हणते. पोवाडा शाहीर जमावाला सांगतो. कव्वालीत एक म्हणतो आणि मागचे त्याचं म्हणणं उचलून धरतात. भारुडात सोंग घेतलेला माणूस लोकांना हसवत हसवत मुद्द्यावर आणतो. गाणं एका तऱ्हेतून दुसरीत न्यायचं तर हे नातं बदलावं लागतं. वाद्यं मागाहून बदलतात.

आपल्याकडे हे काम फार जुनं आहे. पैठणच्या एकनाथांनी (1533 ते 1599) वासुदेव, जोशी, गोंधळी, जोगवा मागणारी बाई, विंचू चावलेला माणूस अशी लोकांच्या रोजच्या ओळखीची सोंगं घेतली आणि त्यांच्या तोंडून परमार्थ सांगितला. त्यांच्या जोगव्यात जोगवा मागायची रीत जशीच्या तशी आहे, पण परडी बोधाची आहे आणि सासरा म्हणून सोडून द्यायचा तो दंभ आहे. साचा लोकांचा, बोलणं नवं. गाण्याची तऱ्हा बदलायला बसण्याआधी नाथांची चार-पाच भारुडं मोठ्याने वाचून काढा. सोंग कुठे उभं राहतं आणि कुठल्या ओळीत उलगडतं, ते हाताला लागेल.

आधी कान तयार करा

दोन-तीन दिवस नुसतं ऐका. मी शिकवताना पाच नमुने ऐकवतो. सगळे मोबाईलवर सापडतात. दर वेळी मूळ गाणं आधी, नवं नंतर.

‘रिस्पेक्ट’, म्हणजे मान, हे गाणं अमेरिकी गायक ओटिस रेडिंगने 1965 मध्ये लिहून गायलं. घरी येणारा पुरुष बाईकडे मान मागतो आहे. 1967 मध्ये अरीथा फ्रँकलिनने ते गायलं तेव्हा मागणारी बाई झाली, आणि त्याच मागणीला वेगळीच धार आली. त्या शब्दातलं एकेक अक्षर सुटं करून म्हणायची गाजलेली जागा ओटिसच्या गाण्यात नाहीच, ती अरीथाने आणली. दोन्ही गाण्यांची जातकुळी तशी जवळची. तोंड बदललं आणि गाणं बदललं.

‘हर्ट’ हे नाइन इंच नेल्स या अमेरिकी बँडचं 1994 चं गाणं, यंत्रांच्या खरखरीतून येणारं, एका तरुणाचं. 2002 मध्ये सत्तरीतल्या जॉनी कॅशने ते गिटार आणि पियानोवर, थकलेल्या आवाजात गायलं. शब्द जवळपास तेच ठेवले. एका ठिकाणचा घाणेरडा शब्द काढून तिथे काट्यांचा मुकुट आणला. कॅश श्रद्धाळू माणूस होता. तरुणाची स्वतःवरची चीड म्हाताऱ्याचा हिशेब झाली. हे गाणं मी विद्यार्थ्यांना दोनदा ऐकवतो, आणि दुसऱ्यांदा खोलीत कुणी बोलत नाही.

बीटल्सचं ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’ (1967) चार-चार मात्रांत चालतं. इंग्रज गायक जो कॉकरने पुढच्याच वर्षी ते संथ सहा मात्रांच्या झोक्यात टाकलं. आपल्या भाषेत सांगायचं तर केरव्यातलं गाणं विलंबित दादऱ्यात गेलं. मात्रा बदलल्या की शब्दांना श्वास घ्यायला जागा मिळते, ते इथे स्वच्छ ऐकू येतं.

फिनलंडच्या अपोकॅलिप्टिका या चमूने 1996 मध्ये मेटॅलिका या हेवी मेटल बँडची गाणी फक्त चार चेलोंवर, म्हणजे गजाने वाजवायच्या मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यांवर, वाजवली. गायक नाही, ड्रम नाही. गाण्याची ओळ कोण उचलतो आणि ठोक्याचं काम कुठला गज करतो, एवढंच ऐकत राहा.

पाचवा नमुना लाहोरच्या सचल स्टुडिओतल्या वादकांचा. ‘टेक फाइव्ह’ ही डेव्ह ब्रूबेकच्या चमूची 1959 मधली जॅझ रचना, पाच मात्रांची. लाहोरकरांनी ती सतार, तबला आणि व्हायोलिनांवर घेतली. आपल्या कानाला पाच मात्रा म्हणजे दहा मात्रांच्या झपतालाचा अर्धा भाग, म्हणून ती ओळखीची वाटते. पण मूळ रचनेचा भर तीन-दोन असा पडतो आणि झपताल चालतो दोन-तीन. ही अदलाबदल हातावर टाळी देऊन मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.

गाणं निवडताना

नळाखाली हंडा भरेपर्यंत जे गाणं नुसतं गुणगुणता येतं, ते घ्या. काही गाण्यांचा सगळा जीव त्यांच्या आवाजांच्या थरांत असतो. ते थर काढले की हातात दोन स्वर उरतात. अशी गाणी सोडून द्या, ती दुसऱ्या घरात नांदत नाहीत.

दुसरं, मूळ आणि नवी तऱ्हा यांत अंतर हवं. भावगीताचं भजन केलं तर कुणाच्या लक्षातही येत नाही. वरातीतलं गाणं जात्यावर आणलं, तर ऐकणारा मान वर करतो.

तिसरी गोष्ट माझ्या आग्रहाची आहे. हरिनाम सप्ताहात अलीकडे सिनेमाच्या चालींवर अभंग सर्रास ऐकू येतात. मला ते पटत नाही. चाल सुरू झाली की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पडद्यावरचा नाच येतो आणि जनाबाईचे शब्द मागे पडतात. याउलट 14 एप्रिलच्या सुमाराला मराठवाड्यात कुठेही फिरा. लोकप्रिय चालीवर बांधलेलं एखादं भीमगीत इतक्या ताकदीने उभं राहतं की मूळ गाणं आठवतच नाही, कारण तिथे शब्द त्या चालीसाठीच नव्याने लिहिलेले असतात आणि म्हणणाऱ्याला काहीतरी सांगायचं असतं. चाल उसनी घ्यायला हरकत नाही, पण तिच्यावर बसवलेलं बोलणं तिच्यापेक्षा वजनदार पाहिजे.

सरावासाठी मी सगळ्यांना एकच गाणं देतो: ‘हॅपी बर्थडे टू यू’. आज लातूरच्या फ्लॅटपासून तांड्यावरच्या घरापर्यंत केक कापताना हेच म्हटलं जातं. लहान आहे, सगळ्यांना पाठ आहे आणि हक्कांची भानगड नाही. त्याची चाल अमेरिकेतल्या केंटकीच्या मिल्ड्रेड आणि पॅटी हिल या बहिणींच्या ‘गुड मॉर्निंग टू ऑल’ या 1893 मध्ये छापलेल्या शाळेच्या गाण्याची. शब्दांवर एका कंपनीने सांगितलेला हक्क अमेरिकेच्या न्यायालयाने 2015 मध्ये मान्य केला नाही, आणि 2016 च्या तडजोडीनंतर गाणं सगळ्यांसाठी खुलं झालं.

पहिली पायरी: सांगाडा काढा

वाद्यं बाजूला ठेवा, शब्दही बाजूला ठेवा. फक्त स्वर लिहा. खाली टिंब म्हणजे मंद्र सप्तक.

प़ प़ ध़ प़ सा नि़
प़ प़ ध़ प़ रे सा
प़ प़ प ग सा नि़ ध़
म म ग सा रे सा

आता या चार ओळींकडे कुंभार माती बघतो तसं बघा. पहिली ओळ नि वर लटकते, म्हणजे प्रश्न टाकते. दुसरी सा वर येते, उत्तर देते. तिसरी मंद्र प वरून थेट मध्य प वर उडी घेते, पुरं एक सप्तक. आणि वाढदिवस ज्याचा असतो त्याचं नाव याच ओळीत येतं. चौथी ओळ म पासून खाली उतरत घरी येते.

प्रश्न, उत्तर, हाक, परतणं. एवढा सांगाडा शाबूत ठेवला तर बाकी सगळं बदलता येतं. तुम्ही कुठलंही गाणं घ्या, त्याच्या प्रत्येक ओळीपुढे असा एकेक शब्द लिहा. ज्या ओळीला शब्द सुचत नाही, ती बहुधा भरतीची असते, ती गाळली तरी चालते.

पेटीवर सा कुठे धरायचा, हेही इथेच ठरवा. गाण्याचा पल्ला मंद्र प ते मध्य प आहे. पुरुषांनी सवयीने काळी एकला सा धरला तर खालचा प खोल जातो आणि आवाज विझतो. सा पांढरी चारला धरा. खालचा प पांढरी एकवर येतो आणि वरचा प पुढच्या सप्तकाच्या पांढरी एकवर. मोकळ्या गळ्याने म्हणता येतं.

दुसरी पायरी: मात्रा हलवा

मूळ गाणं तीन-तीनच्या झोक्यात आहे, म्हणजे आपला दादरा. ‘हॅपी’ ही दोन अक्षरं समेच्या आधीच्या मात्रेवर येतात आणि सम पडते ‘बर्थ’वर. धा धी ना वर ‘बर्थ-डे-टू’, आणि चौथ्या मात्रेवर, खालीला, ‘यू’. यू दोन मात्रा लांबतो, सहाव्या मात्रेवर पुढचं ‘हॅपी’ येतं. चार ओळी, दादऱ्याची चार आवर्तनं.

हेच केरव्यात न्यायचं तर प्रत्येक ओळीला दोन मात्रा जास्त मिळतात. त्या कुठे खर्चायच्या, हाच सगळा प्रश्न असतो. बहुतेक जण सगळ्या शेवटच्या अक्षरावर ओततात आणि गाणं लोंबकळतं. मी असं वाटप करतो: ‘बर्थ’ला दोन मात्रा, ‘डे’ला एक, ‘टू’ला एक, पाचव्या मात्रेवर, म्हणजे खालीला, ‘यू’ आणि त्याला तीन, आठव्या मात्रेवर ‘हॅपी’. सम आणि खाली, दोन्ही ठिकाणी वजनदार अक्षर पडतं. टाळकऱ्यांना काही सांगावं लागत नाही, भजनी ठेका आपोआप धरला जातो.

सात मात्रांचा रूपक ताल घेऊन बघा. ‘बर्थ-डे-टू’ पहिल्या तीन मात्रांत, चौथीवर ‘यू’, तो तीन मात्रा, सातवीवर ‘हॅपी’. एकच मात्रा वाढली, पण चालीत विचार आला. संथ म्हटलं तर हे वाढदिवसाचं गाणं एखाद्या आजोबांच्या पंचाहत्तरीला शोभतं.

हा सराव पेटीशिवाय करा. मांडीवर टाळी, तोंडाने ठेक्याचे बोल, एक जण म्हणणारा. दोन संध्याकाळी याच कामाला द्या, घाई करू नका. माझ्या अनुभवात फसलेल्या दहांतल्या सात गाण्यांचं दुखणं इथेच असतं.

तिसरी पायरी: स्वरांचा रंग

मूळ चालीत सातही स्वर शुद्ध आहेत. बिलावल थाटच म्हणा. तीन प्रयोग करून बघा.

एक: म आणि नि गाळा. पहिल्या ओळीच्या शेवटी सा नि़ च्या जागी सा ध़ म्हणा. तिसरीचं शेपूट सा ध़ असंच उरतं. चौथीत म म च्या जागी प प. उरले सा रे ग प ध, म्हणजे भूप राग. लगेच गावाकडचं वाटायला लागतं, कारण आपल्या कितीतरी लोकचाली याच पाच स्वरांवर उभ्या आहेत.

दोन: त्याच भूपात फक्त ग कोमल करा. शिवरंजनी. एकाच पट्टीचा फरक, पण घरातलं माणूस गावाला गेल्यासारखं होतं. मुलगा पुण्याला कंपनीत आहे आणि आई इथे त्याचा वाढदिवस करते आहे, अशा प्रसंगाला दुसरा रंग शोधायची गरज नाही.

तीन: भूप सोडून मूळ चालीकडे या आणि रे, ग, ध, नि चारही कोमल करा. भैरवी. दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचा शेवट रे सा असा आहेच. रे कोमल झाला की त्या दोन जागा खास भैरवीच्या होऊन बसतात. कार्यक्रमाच्या शेवटी हे ठेवा.

पेटी शिकणाऱ्या पोरांना यातून राग शिकवावे लागत नाहीत, ते स्वतः विचारत येतात.

चौथी पायरी: बोलणारा बदला

आता मुख्य काम. मी गोंधळावर आणि ओवीवर जास्त बोलणार आहे, कारण तुळजापूर आमच्या उशाशी आहे आणि जातं माझ्या आजीच्या घरात होतं.

गोंधळ. वाद्यं संबळ, तुणतुणं, झांज. संबळ म्हणजे एकमेकांना बांधलेली दोन लहान वाद्यं, काठ्यांनी वाजवायची, त्यांतली एक काठी टोकाला वाकडी. त्याचा आवाज खणखणीत असतो, त्यामुळे म्हणणाऱ्याने बोलायच्या आवाजात म्हटलं तर काही ऐकू येत नाही. हाक मारावीच लागते. वाद्यच सांगतं, कसं म्हणायचं ते.

आणि आपल्या सांगाड्यात हाक आहे: तिसरी ओळ, सप्तकाची उडी, त्यात नाव. गोंधळ करताना हीच ओळ उघडायची. मूळ गाण्यात ती एकदा येते. इथे ती दहा-बारा वेळा येऊ द्या आणि दर वेळी एका माणसाला त्याच्या गावासकट बोलवा. “निलंग्याच्या आत्याबाई, गोंधळा या.” “परळीचे मामा, गोंधळा या.” “गंगाखेडच्या आजी, गोंधळा या.” हाक सुरू झाली की संबळ थांबवा, नुसतं तुणतुणं चालू ठेवा. ‘या’ वर मागचे झीलकरी आवाज देतील आणि त्याच मात्रेवर संबळ कोसळेल. सगळी येऊन बसली की मग पहिली-दुसरी ओळ, म्हणजे शुभेच्छा. मूळ क्रम उलटा झाला, कारण गोंधळात आधी बोलावणं असतं.

पहिल्यांदा हे आम्ही एका सातव्या वाढदिवसाला केलं तेव्हा जिचं नाव घेतलं ती प्रत्येक बाई खरंच उठून पुढे आली. वारलेल्या आजोबांचंही नाव घेतलं होतं, त्यांच्या गावासकट. त्यांच्या नावाला ‘या’ म्हणताना मागच्या पोरांचा आवाज आपसूक खाली आला.

एक पथ्य मात्र पाळा. घरात कुलाचाराचा गोंधळ असेल त्या दिवशी त्यात हे मिसळू नका. तो देवीचा आहे. आणि संबळ वाजवायला खऱ्या गोंधळ्यालाच बोलवा, ठरलेली बिदागी आधी द्या, त्याच्याकडून ठेका शिकून घ्या. यूट्यूबवर बघून उचललेला संबळ उथळ वाजतो.

ओवी. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांतल्या पुष्कळ आज ‘पारी’ (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारताविषयीच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात, बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्याही तिथे आहेत. त्या ऐका आणि लक्ष द्या: लय ठेक्याची नाही, खुंट्याची आहे. जात्याचा फेरा जिथे जड जातो तिथे आवाज जोर घेतो, जिथे सुटतो तिथे शब्द लांबतो. म्हणून ओवी करताना तबला, डफ काही नको. जातं मिळालं तर खरं जातं फिरवा, मूठभर ज्वारी टाकून. रिकामं फिरवलं तर दगडावर दगड किरकिरतो.

बोलणारी कोण, तर आई किंवा आजी. ऐकणारा लेकरू झोपलेला आहे. म्हणजे गाणं त्याला नाहीच, त्याच्याविषयी आहे. इंग्रजी शब्द इथे टिकणार नाहीत, नवे लिहावे लागतील. मी लिहिलेली एक ओवी देतो:

पहिली माझी ओवी, लेकाच्या जन्मदिसा
पदराच्या गाठी बाई, बांधला मी कवडसा

चालीची पहिली ओळ ‘ओवी’पाशी नि वर थांबते, दुसरी ‘जन्मदिसा’ला सा वर येते. म्हणजे चालीच्या दोन ओळींत ओवीचा एक चरण बसला. ओवीचा दुसरा चरण तिसऱ्या-चौथ्या ओळीवर. सप्तकाची उडी इथे घ्यायची नाही. जात्याशी बसलेली बाई पहाटे ओरडत नाही, घर झोपलेलं असतं. तिथे प च्या जागी ग पर्यंतच जा. सांगाड्यातली हाक तशीच राहते, फक्त मनातल्या मनात मारलेली होते. वर सांगितलेला शिवरंजनीचा कोमल ग इथे वापरून बघाच.

कव्वाली. खुलताबादच्या दर्ग्यांपाशी किंवा परभणीला फेब्रुवारीत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसात एक रात्र बसून या, मग करायला घ्या. कव्वालीचा प्राण पुनरुक्तीत असतो. पहिली ओळ मुखडा करा, टाळीसकट, आणि ती दर फेरीला थोडी वेगळ्या वजनाने म्हणा. मध्येच ठेका धरून ठेवत एखादा शेर किंवा दोहा घालून परत मुखड्यावर या. याला गिरह लावणं म्हणतात. सुरुवात ठेक्याशिवाय, मोकळ्या आलापाने. लय हळूहळू चढवा. लगेच चढवली तर पुढे जायला जागाच राहत नाही, आणि नवशिके इथेच फसतात.

भारुडाला सोंग लागतं आणि शेवटी उलगडा लागतो. वाढदिवसाचं भारूड तर आयतंच आहे: केक कापणारा हरखलेला माणूस, आणि मागून विचारणारा, “वरीस वाढलं का एक कमी झालं?” पोवाड्यासाठी मात्र हे गाणं घेऊ नका, त्यात सांगायला घटना नाही.

पाचवी पायरी: तालीम

पेटीचे स्वर ठाम असतात, त्यामुळे बाकी सगळ्यांनी तिच्याशी जुळवून घ्यायचं. पखवाजाच्या धुमेला कणीक कमी-जास्त करून आवाज बसवा. हलगी घेतली असेल तर ती शेकूनच ताणावी लागते. सप्ताहाच्या दिवसांत थंडीत, उघड्यावर, ती तासाभरात पुन्हा ढिली पडते, म्हणून शेकोटीची सोय ठेवा आणि हलगीचा तुकडा कार्यक्रमाच्या सुरुवातीला घ्या.

तालमीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी शब्दांशिवाय म्हणायचं. दुसऱ्या दिवशी वाद्यांशिवाय. तिसऱ्या दिवशी सगळं एकत्र, आणि मोबाईलवर रेकॉर्डिंग. मोबाईल संबळापासून आठ-दहा फूट लांब आणि म्हणणाऱ्याच्या जवळ ठेवा, नाहीतर नुसता संबळ ऐकू येईल. रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. रात्री सगळंच चांगलं वाटतं.

हक्कांचं काय

संतांचे अभंग, ओव्या, पारंपरिक गोंधळ यांच्या शब्दांवर कुणाचा हक्क नाही, पण एखाद्या संगीतकाराने अभंगाला लावलेली चाल त्याची असू शकते. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कवी-संगीतकाराचा हक्क त्याच्या हयातीत आणि नंतर 60 वर्षं राहतो. धार्मिक विधीत केलेलं गायन-वादन कायद्याने वगळलं आहे, आणि वरात व लग्नाचे इतर समारंभही त्यात येतात. रेकॉर्डिंग करून विकायचं किंवा पसरवायचं असेल तर गोष्ट वेगळी. कलम 31-सी (31C) मध्ये कव्हरसाठी, म्हणजे आधी रेकॉर्ड झालेलं गाणं नव्याने गाऊन रेकॉर्ड करण्यासाठी, सोय आहे: मूळ गाणं पहिल्यांदा रेकॉर्ड झालं ते वर्ष संपून पाच वर्षं झालेली हवीत, आधी सूचना द्यायची, ठरलेली रॉयल्टी आगाऊ भरायची. पण त्याच कलमात मूळ शब्द-संगीतात मालकाच्या संमतीशिवाय फेरफार करायला मनाई आहे. आपण करतो आहोत तो फेरफारच. त्यामुळे ज्याचा हक्क अजून चालू आहे असं गाणं घेतलं तर लेखी परवानगी मागा. पत्र लिहायला लाजू नका.

पहिला प्रयोग

गाण्याचं नाव आधी सांगू नका. निवेदकालाही बजावून ठेवा. आणि एका माणसाला प्रेक्षकांच्या बाजूला वही घेऊन बसवा. त्याला एकच काम: लोकांना मूळ गाण्याची ओळख कुठे पटली, ते टिपणं. चेहऱ्यावर कळतं; मान शेजारच्याकडे वळते, ओठ हलायला लागतात.

पहिल्याच स्वराला ओळख पटली असेल तर तुम्ही फक्त वाद्यं बदललीत, पुन्हा चौथ्या पायरीवर या. शेवटपर्यंत पटलीच नाही, तर सांगाडा मोडला. पहिली पायरी पुन्हा तपासून बघा, बहुधा प्रश्न-उत्तराची जोडी तुटलेली असते. ओवीत आम्हाला ओळख दुसऱ्या ओळीच्या सा वर पटते, बाया एकमेकींकडे बघतात. गोंधळात ती तिसऱ्या नावाच्या हाकेला पटते, आणि चौथं नाव आम्ही घेण्याआधीच मागून कुणीतरी घेतं. तेव्हा संबळवाल्याने थांबून राहायचं. ज्याने नाव घेतलं, ‘या’ त्यालाच म्हणू द्यायचं.